खुर्ची ते कपाट

४ नोव्हेंबर

भाऊजी,

इकडे सगळं ठीक आहे असं लिहून पत्राला सुरुवात करायची असते, पण ठीक नाही. धांदल्या गेला. तुम्हाला कळलं असेलच. पेपरवाल्यांनी मेल्याबरोबर त्याला 'ज्येष्ठ अभिनेते' करून टाकलं आणि कोणाला माहीत नसलेल्या त्याच्या खऱ्या नावाने छापलं, त्यामुळे मला आधी वाटलं दुसरंच कोणीतरी गेलं. फोटो बघितला तेव्हा समजलं. पुढे जे झालं ते सांगायची लाज वाटते, पण तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेडे आहात, म्हणून सांगते.

मी दुकानात होते. समोर एक गृहस्थ बसलेले, त्यांच्या नाकावर नंबर काढायची ती जड चौकट, आणि मी भिंगं बदलत विचारतेय, 'आता खालची ओळ दिसते का?' ते म्हणाले, नाही दिसत. मलाही दिसत नव्हती, कारण डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यांनी चौकटीतून माझ्याकडे पाहिलं आणि घाबरून विचारलं, 'इतके खराब आहेत का हो माझे डोळे?' त्यांना कसंबसं समजावून पाठवलं आणि दाराला पाटी लावली, 'दुःखद निधनामुळे दुकान बंद'. संध्याकाळपर्यंत घरी अकरा माणसं भेटून गेली. शेजारच्या शिंपीणबाईंनी विचारलं, जवळचे होते का. हो म्हटलं. वय विचारलं, सांगितलं. काय झालं होतं विचारलं, तेही सांगितलं, पेपरात सगळं आलं होतं. शेवटी नातं विचारलं, तेव्हा मी चहा ठेवायला उठले. साठीला आलेली बाई, पण अक्कल अजून यायची आहे.

आता मुद्द्याचं. आमच्या थिएटरचे मालक पाच डिसेंबरला शोकसभा घेताहेत. त्याचा तो लग्नाच्या मागणीचा सिनेमा दाखवणार. प्रिंट आमच्याच गोदामात पडून आहे. तुमच्या शहरात चालून मग आमच्याकडे आली आणि कंपनी बुडाल्यावर कोणी परत मागितलीच नाही. मालक म्हणतात, जगात आता ही एवढीच प्रत उरली आहे. मी तो अकरा वेळा पाहिलेला असल्यामुळे भाषण माझ्या गळ्यात पडलं आहे. खरं सांगायचं तर मी गळा पुढे केला होता.

भाषण सोबत जोडते आहे. प्रोजेक्टरवर ऑपरेटर म्हणून तुमची हयात गेली, तेव्हा सिनेमाचे शब्द कुठे चुकले असतील तर सुधारा. सगळा भर अर्थातच कपाटाच्या प्रसंगावर आहे. धांदल्या मुलीचा हात मागायला येतो, तिचे वडील फाईल वाचत बसलेले, तो खुर्चीवर टेकतो, खुर्ची कुरकुरते, आणि दुसऱ्या क्षणाला तो उंच कपाटाच्या माथ्यावर, गुडघे पोटाशी, टाय हातात. वडील पान उलटून विचारतात, 'नोकरी पक्की आहे ना?' आणि हा वरून म्हणतो, 'सध्या तरी टिकून आहे.' मी लिहिलंय, 'बाकीचे विदूषक पडून हसवतात. आपल्याने पडणंच गाळलं. खुर्ची ते कपाट हा प्रवास त्याने आपल्यावर सोपवला. जो दुःख दाखवत नाही, तोच खरा विनोदकार.' कसं वाटलं? एका पेपरवाल्याने तर लिहिलंय की त्याचं खुर्चीवरून पडणं अजरामर आहे. पडतो कुठे? सिनेमा न बघता लिहितात मेले.

आमच्या घरात त्या प्रसंगाला काय मान होता, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. लग्नानंतरचा आमचा पहिला सिनेमा. तेव्हापासून तुमचे दादा कुठल्या भानगडीत सापडले की सांगत बसायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, 'मी कपाटावर आहे.' मी पुढचं विचारायचे नाही. एकतीस वर्षांत आमची जी काही दहा-बारा भांडणं वाचली, ती त्या कपाटाने वाचवली. म्हणून हे भाषण चांगलं व्हायला हवं.

फोन करू नका. फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता. पत्रात निदान चार ओळी खरडाव्या लागतात.

तुमची वहिनी


९ नोव्हेंबर

वहिनी, नमस्कार.

तुमच्या गिऱ्हाइकाचं वाचून हसलो आणि मग स्वतःचं आठवलं. आम्ही निवृत्त ऑपरेटर, उरलेले चौघे, नेहमीच्या चहाच्या दुकानात जमलो होतो. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं. घड्याळ कोणी लावायचं यावर दहा मिनिटं वाद. शेवटी उभे राहिलो. पहिलं मिनिट नीट गेलं. दुसऱ्या मिनिटाला आमच्यातल्या जाड्याला धांदल्याची चाल आठवली आणि त्याचं पोट हलायला लागलं. मग माझं. चौघंही मान खाली घालून हुंदके दिल्यासारखे हलत होतो. दुकानवाल्याला वाटलं आम्ही रडतोय, त्याने चहा गरम करून आणला. त्यानंतर खरंच रडलो, पण तोपर्यंत तो गल्ल्यावर जाऊन बसला होता.

भाषण वाचलं. भाषा छान आहे. सुरुवात फारच छान आहे. त्याच्या छत्रीबद्दल लिहिलंय ते तर कोणालाच सुचलं नसतं. मला वाटतं छत्रीवरच भर द्यावा. त्याचा आवाजही राहून गेला आहे. तो फोनवर बोलताना कसा उभा राहायचा, त्यावर एक पान सहज होईल.

कपाटाबद्दल एवढंच सुचवतो की तो भाग थोडा आवरता घ्यावा, किंवा घेऊच नये. जुनी प्रिंट आहे. तीस वर्षांत कुठे काय झालं असेल सांगता येत नाही. फिल्म तुटते, ऑपरेटर जोड मारतो, मध्ये चार-दोन चौकटी जातात. एखाद्या जोडावर आपण उगाच फार मोठी इमारत उभी करू नये, इतकंच माझं म्हणणं. बाकी छत्री उत्तम.

गुडघे कसे आहेत? इकडे हवा बरी आहे.

तुमचा दीर


१३ नोव्हेंबर

भाऊजी,

गुडघे माझे कधीच दुखत नव्हते. दुखायचे ते तुमच्या दादांचे. एवढं गडबडून पत्र लिहिलंत, म्हणजे मनात काहीतरी वेगळं आहे.

काय आहे ते मला कळलं. तुम्हाला वाटतं, चष्मेवाल्या बाईने चष्मे विकावेत, सिनेमाचं आम्हाला विचारावं. छत्रीवर एक पान म्हणे. केबिनच्या भोकातून बघणाऱ्यांना वाटतं पडदा त्यांच्या मालकीचा आहे. मी समोर बसून पाहिलंय, तेही अकरा वेळा, त्यातले सात वेळा चांगल्या जागी. तो जोड नाही. जोड असता तर माझ्या लक्षात आला असता. अर्ध्या नंबराचा फरक मला माणूस दारातून आत येताना दिसतो.

आणि दुसरं, मी तो भाग का सोडणार नाही ते नीट ऐका. चार वर्षांपूर्वी हे तपासणीला म्हणून तुमच्याकडे आले, त्या दिवशी दुपारी दुकानात फोन आला. मी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? हे म्हणाले, 'काही नाही गं, मी कपाटावर आहे.' आणि मी हसले. चांगली मोठ्याने हसले, दुकानात आरसा बघत उभा असलेला माणूस वळून बघायला लागला. हसता हसताच मला सगळं कळलं. पुढे म्हणाले, 'तू येऊ नकोस, दुकान सांभाळ, मी येतोच.' अठरा दिवसांनी तुम्ही यांना घेऊन आलात. नंतरच्या पाच महिन्यांत आम्ही त्या अठरा दिवसांबद्दल एक शब्द बोललो नाही. आमच्यात ते बसत नव्हतं. पडणं दाखवायचं नाही, हे आम्ही दोघांनी धांदल्याकडून शिकलो होतो.

तेव्हा तो प्रसंग म्हणजे तुमच्या फिल्मचा तुकडा नाही, माझा संसार आहे. आता सरळ सांगा, तुम्हाला भाषणात काय खटकलं. माझा राग सोसायची तयारी ठेवा, पण पुन्हा छत्री काढू नका.

वहिनी


१७ नोव्हेंबर

वहिनी,

हे पत्र उभ्याने वाचू नका.

तो जोड आहे. मी मारलेला.

मी तेविसाव्या वर्षी केबिनमध्ये लागलो, तेव्हा आम्हा ऑपरेटर लोकांत एक वाईट सवय होती. आवडत्या नटाच्या दोन-चार चौकटी ब्लेडने कापायच्या, दोन टोकं चिकटवून टाकायची आणि तो तुकडा पाकिटात ठेवायचा. चार चौकटी गेल्या तर पडद्यावर कोणाला कळतही नाही. बाकीचे नायिका कापायचे. मी धांदल्या कापला, यावरून माझी प्रगती किती होती ते लक्षात घ्या. आमच्याकडचा शेवटचा खेळ संपल्यावर पेट्या बंद करायच्या आधी मी ते रीळ काढलं. खुर्ची मोडते तेव्हा त्याचा चेहरा होतो, तो मला हवा होता. चार चौकटी घ्यायच्या होत्या. पण पुढची बरी वाटली, मग तिच्या पुढची. थांबायचं कुठे ते कळेना. शेवटी पाचशे चौकटी कापल्या. एकवीस सेकंद. वहीत लिहिलं, 'फिल्म तुटली, जोड मारला', आणि प्रिंट तुमच्या गावाला रवाना केली.

म्हणजे त्या पेपरवाल्याने सिनेमा पाहिला आहे. धांदल्या पडतो. चांगला आपटतो. कपाटावर कसा चढतो तेही दिसतं. ते सगळं गेली पस्तीस वर्षं माझ्याकडे पावडरच्या डब्यात आहे.

पंधरा दिवसांनी तुम्ही दोघं आमच्याकडे आला होतात, आठवतंय? नवीन लग्न झालेलं. दादा दारातच चपला न काढता सांगायला लागला, काय तो कपाटाचा सीन, वा, पडलेलं दाखवतच नाही. मी म्हणणार होतो, 'अरे, ते मी.' पण तो इतका हसत होता, आणि तुम्ही त्याच्या खांद्याला धरून हसत होतात. म्हटलं, जेवणानंतर सांगू. जेवणानंतर म्हटलं, पुढच्या वेळी. मग तुमच्या घरात त्याची म्हणच होऊन बसली, आणि मला कळेना की आता हे कुठल्या तोंडाने सांगायचं. त्या अठरा दिवसांत मी दवाखान्यात त्याच्या उशाशी होतो. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. रोज काहीतरी दुसरंच निघायचं. तीसेक वर्षं सिनेमाच्या धंद्यात काढली आणि सिनेमाला माझी भर काय, तर एकवीस सेकंद कमी केले. आणि त्याचं श्रेय माझ्या भावाने आणि वहिनीने मोठ्या मनाने धांदल्याला दिलं.

तुमचं भाषण वाचून मला सर्वांत जास्त काय लागलं, सांगू? ते खरोखर चांगलं आहे. तुम्ही जे कौतुक केलंय ते माझ्या ब्लेडचं आहे. आयुष्यात माझ्या कामाबद्दल इतकं चांगलं कोणी लिहिलेलं नाही.

पट्टी अजून शाबूत आहे. तुम्ही म्हणालात तर येऊन परत जोडून देतो. जगात दुसरीकडे कुठे ती नाही, म्हणजे धांदल्याचे ते एकवीस सेकंद माझ्यासोबत जातील, हे बरं नव्हे. तुम्ही नाही म्हणालात तर तसंच राहू दे. निर्णय तुमचा.

तुमचा दीर


२५ नोव्हेंबर

भाऊजी,

आठ दिवस मी तुमच्याशी बोलत नव्हते. तुम्हाला ते जाणवलं नसेल, कारण तुम्ही दोनशे किलोमीटरवर आहात. पण मी अबोला अगदी मन लावून पाळला. तुमचा फोटो भिंतीवरून काढून पलंगाखाली ठेवला. त्यात हे पण आहेत, म्हणून दुसऱ्या दिवशी परत लावला.

खूप राग आला, पण कोणाचा ते मला नीट सांगता येत नाही. माझ्या हुशारीचा असेल. अर्ध्या नंबराचा फरक दारातून ओळखणारी बाई, तिला अकरा खेळांत जोड दिसला नाही. आणि यांचाही राग आला. म्हणजे ते जे मला सांगायचे नाहीत, आणि मी विचारायची नाही, आणि त्यालाच आम्ही मोठेपणा म्हणायचो, तो एका तेविशीच्या पोराच्या हावरटपणावर उभा होता. हे कळून मी काय करावं?

पट्टी घेऊन या. त्याचं आहे ते त्याला मिळू दे. लोकांना न विचारता जोडा, मालकांना मी सांगते. भाषण फाडलं. सभेत काय बोलायचं ते पडद्यावर बघून ठरवीन. शनिवारी या, माळ्यावरची खोली झाडून ठेवते.

वहिनी


६ डिसेंबर

वहिनी,

न सांगता निघून आलो याबद्दल शरम वाटते. केबिनच्या मागच्या जिन्याने उतरलो आणि थेट बस पकडली. बॅग तुमच्याकडेच राहिली आहे. तिच्यात माझा कंगवा आणि एक न वापरलेला शर्ट आहे, घाई नाही.

मला जे ऐकू आलं ते सांगतो, तुम्हाला खाली कदाचित वेगळं दिसलं असेल. जोड मी इतका सुबक मारला होता की तुमचा ऑपरेटर म्हणाला, कळतसुद्धा नाही. खुर्ची कुरकुरली. सगळं थिएटर सवयीने आधीच हसायला लागलं, कपाट येणार म्हणून. आणि कपाट आलंच नाही. धांदल्या पडायला लागला. हसणं मध्येच अडकलं. मग कोणीतरी ओरडलं, 'ऑपरेटर, हे काय घुसवलंय?' दुसरा म्हणाला, 'दुसऱ्या सिनेमाचं रीळ आहे.' तुमचे ते औषधवाले उभे राहून छातीठोकपणे सांगत होते की मी हा सिनेमा नऊ वेळा पाहिलाय, यात असलं काही नाही. शेवटी कपाट आलं तेव्हा कोणी हसलं नाही, कारण सगळे वर केबिनकडे बघून शिव्या देत होते. आयुष्यात एकदाच प्रामाणिक काम केलं आणि एकदाच शिव्या खाल्ल्या.

त्यानंतर तुम्ही बोलायला उठणार होतात. ते बघायची माझी छाती झाली नाही. तुमची शोकसभा मी नासवली. आता काय म्हणायचं ते म्हणा.

तुमचा दीर


१० डिसेंबर

भाऊजी,

पळपुटे आहात. थांबला असतात तर फार चांगलं बघायला मिळालं असतं.

तुम्ही गेलात तेव्हा मालकांनी दिवे लावले आणि माझ्याकडे बघितलं. मी उठले. म्हटलं, हे एकवीस सेकंद या सिनेमाचेच आहेत, ते माझ्या दिराने पस्तीस वर्षांपूर्वी चोरले होते, आज परत केले. इतक्या अभिमानाने सांगितलं की मागच्या रांगेत एकाने टाळी वाजवली, मग त्याला बायकोने कोपर मारलं. त्यानंतर जो गोंधळ झाला तो काय सांगू. औषधवाल्यांचं म्हणणं, चोरी बरी होती. शिंपीणबाई म्हणाल्या, तो बिचारा इतका आपटला आणि आपण इतकी वर्षं हसत राहिलो. ते रीळ परत लावायला लावलं. दोनदा बघितलं. शेवटी मालकांनी मतं घेतली. कापलेलाच बरा म्हणणारे एक्केचाळीस, सबंध हवा म्हणणारे सव्वीस. मी दोन्ही वेळा हात वर केला. शोकसभेत मतदान झालेलं कुठे ऐकलं नव्हतं. बाहेर पडताना लोक भांडत होते, पण धांदल्याबद्दल भांडत होते, तेव्हा सभा वाया गेली असं मी म्हणणार नाही.

आता माझं. ते एकवीस सेकंद मी दोनदा काय पाहिले, ते नीट लिहिते. तो पडतो. हात जमिनीवर जोरात आपटतो आणि चेहरा असा होतो की तो धांदल्या राहत नाही, कोणीतरी चाळिशीचा माणूस असतो, ज्याला लागलंय. मग तो त्या फाईल वाचणाऱ्याकडे बघतो. कितीतरी वेळ बघतो. त्याने मान वर करावी, एवढंच त्याला हवं असतं. तो मान वर करत नाही. मग हा खुर्चीचा मोडका पाय परत बसवतो, ती रुमालाने पुसतो आणि गपचूप कपाटावर चढतो. पुढचं उत्तर विनोदी आहे, पण आता ते मला तसं ऐकू येत नाही.

मी सगळा जन्म त्याच्याकडेच बघत आले होते. परवा पहिल्यांदा त्या फाईलवाल्याकडे लक्ष गेलं. भाऊजी, फोन आला तेव्हा मी हसले. 'येऊ नकोस' म्हणाले, तर मी आले नाही. किती पटकन ऐकलं मी. एरवी यांचं एक ऐकत नव्हते, भाजी कुठली आणायची यावरसुद्धा नाही. दुकान आठ दिवस बंद राहिलं असतं तर लोक आंधळे झाले नसते. मी त्याला मोठेपणा म्हटलं, भाषण लिहिलं, विदूषक, दुःख, काय काय. खरं म्हणजे मला बघवलं नसतं, म्हणून मी मान वर केली नाही. मला आता रोज वाटतं, मी हसले नसते तर त्यांनी पुढचं सांगितलं असतं.

तुम्ही एक तुकडा परत केलात. दुसरा अजून तुमच्याकडेच आहे. ते अठरा दिवस. त्यांनी ते मला सांगितले नाहीत आणि तुम्हीही चार वर्षं झाली तरी कधी तोंड उघडलं नाही. इथे आलात की गुडघे विचारता. मला ते हवे आहेत. मला सोसणार नाही म्हणून काही वगळू नका. पहिल्या दिवसापासून लिहा, त्या फोनच्या आधीपासून.

बॅग बसने पाठवली आहे. शर्ट इस्त्री केलाय.

वहिनी


१४ डिसेंबर

वहिनी,

बॅग मिळाली. काल उत्तर लिहिलं होतं, ते फाडलं. त्यात दवाखान्यातल्या जेवणाबद्दल दीड पान होतं आणि ते बऱ्यापैकी विनोदी होतं. पुन्हा ब्लेड हातात घेतलं होतं, हे फाडताना लक्षात आलं. दादाने मला कधी 'तिला सांगू नकोस' असं म्हटलं नव्हतं. मीच आपलं ठरवलं, तुम्ही विचारत नाही तर कशाला. सवय वाईट.

पहिला दिवस. डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. पोटाचा फोटो उजेडावर धरून दाखवला आणि पेन्सिलीने गोल केला. दादा म्हणाला, 'बरं.' मग किती दिवस विचारलं. डॉक्टर म्हणाले, नीट दाखल व्हा, मग बघू. दादाने त्यांचे आभार मानले, दार हळू लावलं, आणि आम्ही जिन्यापर्यंत आलो. तिथे तो पायरीवर बसला. मला वाटलं बूट बांधतोय. तो रडत होता. आमचे वडील गेले तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. लोक वर-खाली जात होते, एक बाई साडी सावरून आम्हाला वळसा घालून गेली. अर्धा तास तरी झाला असेल. तो अधूनमधून एवढंच म्हणत होता, 'तिला कसं सांगू.' आजाराबद्दल एक शब्द नाही. घाबरला होता तो, फार घाबरला होता. उठताच येत नव्हतं त्याला.

मग त्याने फोन काढला. तीन वेळा लावला आणि तुम्ही उचलायच्या आत बंद केला. चौथ्यांदा तुम्ही उचललात. तो जे बोलला ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही हसलात ते मला शेजारी बसून ऐकू आलं, इतक्या मोठ्याने हसलात. तुम्हाला वाटतं, त्या हसण्याने त्याचं तोंड बंद झालं. मी तिथे होतो म्हणून सांगतो. फोन ठेवल्यावर त्याने तो खिशात टाकला. मग म्हणाला, 'हसली रे. मग जमेल.' आणि उठला. कठड्याला धरून, माझा हात न घेता. खाली जाऊन खिडकीमागच्या बाईंना त्यानेच विचारलं, दाखल व्हायचा अर्ज कुठे मिळतो.

पुढचे सतरा दिवस सोबतच्या पानांवर लिहिले आहेत. त्यांतले काही फार वाईट आहेत. गाळलेलं काही नाही.

तुमचा दीर